बाईसाहेब आडव्या झाल्या

घोड्याबद्दल आपल्या भाषेचं मत फारसं चांगलं नाही. काम थांबलं की म्हणायचं घोडं अडलं. उशीर झाला की वरातीमागून घोडं. नेमकं कुठे बिनसलं ते कळेना, की घोडं कुठे पेंड खातंय. आणि ज्या मुलाचं वय वाढतं पण अक्कल वाढत नाही त्याला म्हणायचं, "एवढा घोडा झालास तरी!" हे वाक्य लहानपणी रोज माझ्या वाट्याला यायचं आणि मला दर वेळी ती शाबासकी वाटायची.

कारण मला अरबी घोडे आवडतात. चहा आवडतो तसे नव्हे. चहा मी निदान प्यायलेला आहे. घोड्यावर मात्र मी आयुष्यात बसलेलो नाही. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. चेपलेल्या स्कूटरींचे फोटो पाहायचे आणि खाली 'नामंजूर' लिहायचं. पण टेबलाच्या काचेखाली एका पांढऱ्या घोड्याचं चित्र होतं, आणि एखादा दावेदार फारच रडायला लागला की मी त्या चित्राकडे पाहायचो आणि 'अंशतः मंजूर' लिहायचो. कचेरीत मला सगळे 'सरदार' म्हणत. हे कौतुकाने नाही हे मला ठाऊक होतं, तरी हाक मारली की मी ताठ बसायचो.

अरबी घोडा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याबद्दल मला राग नाही, कीव आहे. रुंद कपाळ, खाली किंचित आत वळलेला चेहरा, मोठाले डोळे, त्याहून मोठ्या नाकपुड्या आणि चालताना झेंड्यासारखी वर उचललेली शेपूट. पांढरा दिसणारा घोडा जन्मतो काळपट आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. आमचंही तसंच झालं, पण आम्हाला कोणी देखणं म्हणत नाही. वाळवंटातली माणसं रात्री घोडीला तंबूत घेऊन झोपत, कारण बाहेर चोर असतात आणि आत जागा कमी असली तरी प्रेम असतं. हे सगळं मी पुस्तकांतून शिकलो आणि पुस्तकं मला ताईने वाचून दाखवली.

ताई माझी मोठी बहीण. शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि अजूनही आहे, फक्त शाळा उरलेली नाही. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. लहानपणी जेवणं झाली की ती घोड्यांच्या गोष्टी मोठ्याने वाचायची. या गोष्टींना एक वाईट खोड असते. सगळं छान चाललेलं असताना शेवटी घोडा मरतो. असा एक घोडा मेला तेव्हा मी इतका रडलो की शेजारचे लोक धावत आले आणि वडिलांची तब्येत विचारू लागले. वडील स्वतःच दार उघडायला गेल्यामुळे मोठी पंचाईत झाली. त्या दिवसापासून ताईने सुईदोरा हातात घेतला. नवीन पुस्तक आलं की ती शेवटची पानं काळ्या दोऱ्याने पक्की शिवून टाकायची आणि वाचताना तिथवर आली की म्हणायची, "इथून पुढे काही महत्त्वाचं नाही."

आमचं सगळ्यांत लाडकं पुस्तक एका म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीचं होतं. जखमी मालकाला पाठीवर घेऊन ती वाळवंट ओलांडते, विहिरीपाशी येते, त्याला अलगद उतरवते, 'आणि मग ती वाळूवर हळूच आडवी झाली.' यापुढे दोरा. मी मोठा झालो, नोकरी केली, लग्न केलं, निवृत्त झालो, पण तो दोरा कधी उसवला नाही. त्यामुळे घोडा या विषयावरचं माझं ज्ञान शेवटून दुसऱ्या प्रकरणापर्यंत अगदी पक्कं आहे.

तर झालं असं, की आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि बायकोने मला वायसर आणायला पाठवलं. काम एवढंच. पण दुकानात वायसर नव्हता, दुकानदाराने दूरचं दुसरं दुकान सांगितलं, त्या दुकानाच्या वाटेवर घोडेस्वारीचा क्लब लागतो आणि क्लबच्या कुंपणाला मधूनमधून फटी आहेत. बाकीचं सगळं त्या फटींमुळे झालं.

आत ती उभी होती. म्हातारी, पांढरी, अंगावर बारीक तपकिरी ठिपके, पाठ जराशी खाली गेलेली. पण चेहरा! माझ्या टेबलाच्या काचेखालून उठून ती तिथे जाऊन उभी राहिली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी खरंच सांगतो, पासष्टीला आलेल्या माणसाने कुंपण धरून रडणं बरं दिसत नाही, पण मी रडलो.

मॅनेजर आला. त्याला वाटलं मला चक्कर आली. पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मग माहिती दिली. घोडी अस्सल अरबी. कागदोपत्री तिचं नाव इतकं लांबलचक आहे की पुरं होईपर्यंत ती निघून जाते. आता वय झालं, पाठीवर कोणी बसू शकत नाही. "योग्य घर मिळालं तर देऊन टाकणार आहोत. नाही तर महिनाअखेरीला व्यापारी येईल, तो घेऊन जाईल."

"कुठे घेऊन जाईल?"

मॅनेजर घड्याळाकडे बघू लागला. दावे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला घड्याळाकडे बघणारा माणूस कळतो.

"आणखी एक," तो म्हणाला. "ही आडवी होत नाही. शेजारच्या खणात एक म्हातारा घोडा होता, तो गेल्यापासून उभ्याउभ्याच पेंगते. त्यामुळे जरा ढेपाळलीय."

मी मनात म्हटलं, वा! याला म्हणतात रक्त! पुस्तकांत घोडे कायम उभेच असतात. आडवा होतो तो फक्त त्या एका पानावर. ही आडवी होत नाही म्हणजे हिचा जगण्याचा निर्धार आहे. मी पुस्तकातल्याप्रमाणे पुढे झालो आणि तिच्या नाकपुडीत हळूच फुंकर घातली, कारण घोड्याशी ओळख अशी करून घेतात. तिने क्षणभर विचार केला आणि ती माझ्या तोंडावर सणसणीत शिंकली. चष्मा पुसताना मी मॅनेजरला हो म्हणून बसलो होतो. अट एकच होती. सोसायटीची लेखी संमती आणायची. महिनाभर घोडी ठेवून बघायची, संमती मिळाली तर आमची, नाही तर परत.

घरी आलो. बायको म्हणाली, "वायसर?"

मी सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. माझी बायको चिडली की भांडी आदळत नाही, भांडी अगदी जपून ठेवते. तिने एक वाटी इतकी जपून ठेवली की मी आपोआप दोन पावलं मागे सरलो. "म्हणजे नळाला वायसर आणायला गेलात आणि घोडी ठरवून आलात," ती म्हणाली. "बरं झालं मी फ्रिज बघायला पाठवलं नाही. हत्ती आणला असतात."

मी वाळवंटातल्या तंबूची गोष्ट काढली. ती म्हणाली, "तंबूत घ्या हो, हॉलमध्ये नको."

ताईने पेपर खाली न करता विचारलं, "कोणती?"

"अस्सल अरबी. पांढरी. म्हातारी आहे."

"घोडी म्हणजे काय कोथिंबिरीची जुडी आहे, वाटेत दिसली आणि घेतली? घोड्याला जागा लागते, चारा लागतो, माणूस लागतो. तुझं तुला झेपत नाही. मला हे अजिबात पसंत नाही." मग पेपर थोडा खाली झाला. "डोळे कसे आहेत तिचे?"

जागेचं मी योजलं होतं. आमची गाडी नाही, पण इमारतीखाली पार्किंगची एक जागा माझ्या नावावर आहे. तिला तीन बाजूंनी भिंती आहेत आणि मागे मोकळं मैदान आहे. देवाने ती घोड्यासाठीच बांधवून घेतली होती. अडचण एवढीच होती, की सोसायटीचे सेक्रेटरी कित्येक वर्षं तिथे आपली दुसरी गाडी लावत होते. इतकी वर्षं, की जागा माझी आहे याची त्यांना आठवण करून द्यावी लागली आणि ती त्यांना फार लागली.

"पार्किंगमध्ये फक्त वाहन ठेवता येतं," ते म्हणाले. "नियम आहे."

"घोडा हे वाहनच आहे. मोटार निघायच्या आधीपासून."

सेक्रेटरी विचारात पडले. ते पूर्वी कोर्टात नोकरीला होते, त्यामुळे मुद्दा मूर्खपणाचा असला तरी चालतो, पण तो खोडून काढता आला पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. "मग स्टिकर लावावा लागेल," ते म्हणाले. म्हणून आमच्या वॉचमनने पुढे घोडीच्या गळपट्ट्यावर गाडीचा स्टिकर चिकटवला आणि वहीत 'रंग पांढरा, चार पायांची' अशी नोंद केली. मग म्हणाला, "साहेब, हे लांबडं नाव माझ्याच्याने होणार नाही. आपण बाईसाहेब म्हणू." तेच नाव पडलं.

घोडी आणणं म्हणजे काय ते पुस्तकांत कुठेही नीट दिलेलं नाही. क्लबचा ट्रक आमच्या गल्लीत वळेना, म्हणून हमरस्त्याच्या कोपऱ्यावरच तिला उतरवलं आणि दोर माझ्या हातात दिला. मी त्या क्षणाची आयुष्यभर वाट पाहिली होती. छाती काढून चाललो. पहिल्या दहा पावलांत एका बाईने विचारलं, "मुलांना बसवता का?" मी नाही म्हणेपर्यंत एकाने आपला मुलगा माझ्याच खांद्यावर बसवून फोटो काढला. आणि मग, अशा वेळी जे हटकून होतं तेच झालं. समोरून आमचे जुने साहेब आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पेन्शन वेळेवर येत नाही का हो?"

माझा चेहरा पडला. पण बाईसाहेबांनी मान उंच केली, शेपूट उचलली आणि साहेबांच्या अंगावरून अशा काही चालत्या झाल्या की साहेब आपोआप बाजूला झाले आणि त्यांचा हात अर्धवट सलामासारखा वर गेला. माझ्यासाठी तो हात कधी वर गेलेला नव्हता. त्या एका क्षणासाठी मी सगळे वायसर माफ केले.

पुढचं घोडं पालिकेत अडलं. तीन खिडक्या फिरून पाळीव प्राण्यांच्या खिडकीशी पोचलो, तर तिथल्या बाईंच्या फॉर्मवर फक्त कुत्रा आणि मांजर होतं. "इतर म्हणून लिहिते," त्या म्हणाल्या, "पण इतरला पिंजऱ्याचं माप लागतं. भुंकते का?"

"नाही."

"मग उडून जाणार नाही याची हमी लिहून द्या. इतरमध्ये बहुतेक पोपटच येतात."

मी घोडी उडून जाणार नाही अशी हमी लिहून दिली. तिची चाल पाहिलेली असल्यामुळे सही करताना मला थोडी धास्तीच वाटली.

इकडे इमारतीत सल्ल्यांचा पूर आला. पहिल्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात त्यांना आम्ही सल्लागारकाका म्हणतो. त्यांना न विचारता ते सगळं सांगतात आणि विचारलं तर तेच पुन्हा पहिल्यापासून सांगतात. "घोड्याला लसूण द्या, रक्त पातळ राहतं. तोंड पूर्वेला करा. आणि रेडिओ लावा, पण बातम्या नकोत." मी लसूण दिला. बाईसाहेबांनी तो काकांच्या चपलेवर नेऊन ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वासाबद्दल तक्रार केली. लगेच पाच जणांनी केली. पण भल्या पहाटे मी खाली गेलो की लिदीची बादली रिकामी असायची. एकदा लवकर गेलो तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आणि सेक्रेटरींच्या सौभाग्यवती बादलीवरून हळू आवाजात भांडत होत्या, कारण दोघींच्या गुलाबांना एकदमच बहर आला होता. मला पाहून दोघी म्हणाल्या, "वास फार येतो हो," आणि अर्धी अर्धी वाटून घेऊन गेल्या.

ताईला मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. तसं ती रोज सांगायची. सांगून झालं की खाली जायची, बाही वर करून खरारा करायची, आयाळ विंचरायची, बादलीभर गाजरं साफ करायची. गळत्या नळाखाली बायकोने बादली लावली होती, ती भरली की बायको स्वतःच खाली नेऊन बाईसाहेबांपुढे ठेवायची आणि म्हणायची, "वायसर आणला असता तर हे पाणी वाया गेलं नसतं." यात काही तरी चुकतंय हे मला कळत होतं, पण बोलायची छाती झाली नाही. संध्याकाळी ताई घोडीच्या मानेवर गाल टेकून उभी असलेली मी जिन्यातून पाहिली. इतक्या वर्षांत ताईने कोणाच्या खांद्यावर डोकं टेकलेलं मी पाहिलं नव्हतं. टेकण्यासारखे आम्ही कोणी नव्हतोच बहुधा. मी आवाज न करता वर परत गेलो.

पण बाईसाहेब थकत चालल्या होत्या. दिवसा उभ्याउभ्या डोळे मिटायच्या, पुढचे गुडघे मोडायचे आणि दचकून पुन्हा सावरायच्या. मी ताईला म्हणायचो, "बघ, हार मानत नाही. आडवी होत नाही." ताई मान हलवायची. आमच्या पुस्तकाप्रमाणे सगळं ठीक चाललं होतं.

महिना संपत आला. सेक्रेटरींनी घोडीच्या प्रश्नावर खास सभा बोलावली आणि तशी नोटीस नेमकी घोडीच्या डोक्यावरच्या भिंतीवर चिकटवली. बाईसाहेबांनी ती वाचली की नाही ठाऊक नाही, पण खाल्ली मात्र पूर्ण. दुसरी चिकटवली, तीही खाल्ली. खळ गोड असते. तिसरी लिफ्टमध्ये लावली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्येच खुर्च्या मांडून सभा भरली. कारण सोसायटीच्या हॉलच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या ते किल्ल्यांसकट गावाला गेले होते. बाईसाहेब आपल्या जागेत, पेंढ्यावर, आमच्याकडे तोंड करून. ठराव नामंजूर झाला तर सोमवारी क्लबचा ट्रक येणार आणि त्यानंतर तो व्यापारी. मी भाषण पाठ केलं होतं. पण आमच्याकडे सभेत भाषण करायची पद्धत नाही, सगळ्यांनी एकदम बोलायची आहे. सेक्रेटरी नियम वाचत होते, सल्लागारकाका रेडिओबद्दल बोलत होते, कोणी तरी मध्येच पाण्याच्या टाकीचा विषय काढला, त्यावरून जुनी लिफ्ट निघाली, लिफ्टवरून कोणाचे तरी सासरे निघाले. आवाज टिपेला पोचला.

आणि त्या गोंगाटात बाईसाहेबांनी स्वतःभोवती एक फेरी मारली, पुढचे गुडघे टेकले, आणि त्या हळूच आडव्या झाल्या. एक लांब कण्हणं ऐकू आलं. मान पेंढ्यावर पसरली. चारही पाय सरळ झाले.

मी ओरडलो, "गेली!"

सगळ्या माना एकदम पेंढ्याकडे वळल्या. मी ताईकडे पाहिलं. ताई पांढरीफटक पडली होती. तिलाही तेच वाक्य आठवलं होतं. वाळूवर हळूच आडवी झाली. तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि ती घोडीकडे बघेना. मी खांबामागे गेलो. ज्या पानापाशी आम्ही दोघं जन्मभर थांबत आलो होतो ते पान असं भरसभेत येईल असं कधी वाटलं नव्हतं.

सल्लागारकाका पुढे झाले. त्यांनी बाईसाहेबांच्या मागच्या पायाचा खूर दोन बोटांत धरला आणि खिन्नपणे मान हलवली. "नाडी लागत नाही," ते म्हणाले. तेवढ्यात पाय थरथरले. "शेवटचे झटके."

वॉचमनने टोपी काढली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी हुंदका दिला, "माझे गुलाब हो!" आणि मग त्यांना लाज वाटली असावी, कारण त्या म्हणाल्या, "किती समंजस होती बिचारी." सेक्रेटरी कर्तव्यदक्ष माणूस. त्यांनी डोळे पुसत पुसतच पालिकेला फोन केला. पोपटाच्या हमीसाठी ज्या पालिकेने मला तीन खिडक्या फिरवलं, तिची मेलेली जनावरं उचलणारी गाडी नेमकी पलीकडच्याच चौकात होती. ती लगेच आली. त्यातून एक माणूस उतरला आणि म्हणाला, "मयत कुठाय? मालकाची सही लागेल."

मी पेन हातात घेतलं. हजारो वेळा 'नामंजूर' लिहिलेला हात, पण तो उठेना. तेव्हा ज्यांची दुसरी गाडी माझ्यामुळे महिनाभर उन्हात उभी होती ते सेक्रेटरी त्या माणसावर खेकसले, "जरा दम खा की! आमच्या घरातलं माणूस गेलंय!"

माझ्या बायकोने मात्र एक कामाची गोष्ट केली होती. ती समोरच्या दवाखान्यात धावली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. या बाई कुत्र्यामांजरांच्या डॉक्टर. त्यांच्या कोटावर मांजराचे केस होते आणि चेहऱ्यावर न मावणारा आनंद. "घोडा मी शेवटचा कॉलेजात पाहिला होता," असं म्हणत त्या पेंढ्यात गुडघ्यावर बसल्या. छातीला नळी लावली. डोळ्यात पाहिलं. पुन्हा नळी लावली. मग त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"शू! झोपलीय."

"झोपली म्हणजे?" मी खांबामागून विचारलं.

"झोपली म्हणजे झोपली. घोरतेय बघा."

"आणि ते झटके?"

"स्वप्न पडतंय तिला. पळतेय." बाई आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "किती दिवस आडवी झाली नव्हती?"

"कधीच होत नाही," मी म्हणालो. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"मग बिचारीची झोपच झालेली नाही! उभ्याने नुसती डुलकी लागते. खरी झोप लागायला घोड्याला आडवं व्हावं लागतं. आणि तो आडवा होतो, जेव्हा आजूबाजूला कोणी तरी जागं आहे अशी खात्री असते तेव्हा. कळपात एक जण पहाऱ्याला उभा राहतो, मग बाकीचे झोपतात. हिच्याजवळ कोणी नसेल इतके दिवस. आज तिला वाटलं, आहेत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाण्याच्या टाकीवरून भांडणारे, लिफ्टवरून भांडणारे, सासऱ्यांवरून भांडणारे. बाईसाहेबांनी या कळपाला पहारेकरी म्हणून पसंत केलं होतं. त्यांच्या इतक्या उमद्या रक्तात माणसांची पारख जरा कमीच असावी, पण ते त्या क्षणी कोणी बोललं नाही.

पालिकेचा माणूस पायातल्या चपला हातात घेऊन गाडीकडे गेला. सेक्रेटरींनी सभा पुढे चालू केली. आमच्या सोसायटीच्या इतिहासातली ही एकच सभा जी कुजबुजत पार पडली. "ठरावाला विरोध कोणाचा?" त्यांनी ओठांतल्या ओठांत विचारलं. सल्लागारकाका तोंड उघडणार, तेवढ्यात सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी त्यांच्याकडे पाहिलं. एकही हात वर झाला नाही. सेक्रेटरींनी संमती लिहून सही केली, कागद फाडताना आवाज होईल म्हणून वहीतच ठेवला, आणि सगळे चवड्यांवर चालत आपापल्या घरी गेले. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. ताई मात्र खुर्ची फिरवून दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली, पहाऱ्याला.

संध्याकाळी बाईसाहेब उठल्या, अंग झाडलं आणि महिनाभरात प्रथमच अशा ताज्या नजरेने जगाकडे पाहू लागल्या की माझा ऊर भरून आला. त्या कानांची टोकं, ती मान, तो पेंढा चिकटलेला गाल. मी पुस्तकांत जे जे वाचलं होतं ते कमीच होतं. ताई वर जाऊन आमचं ते जुनं पुस्तक घेऊन आली. बरोबर कात्री होती.

"घे. उसव आता," ती म्हणाली.

"तूच सांग ना काय आहे त्यात."

"मला काय माहीत?"

"म्हणजे? शिवलंस तूच की!"

"बाकीच्या पुस्तकांची पानं वाचून शिवली." ताई कात्रीकडे बघत म्हणाली. "याची न वाचताच शिवली. ती वाळूवर आडवी झाली ना, तिथे माझाच धीर सुटला रे. तुला काय, कोणाला तरी विचारता येत होतं. मी कोणाला विचारणार?"

ज्या मुख्याध्यापिकेला तीनशे मुलं आणि त्यांचे आईबाप घाबरायचे, ती माझ्याइतकीच त्या पानापाशी थांबून राहिली होती.

"म्हणजे ती मेलीच असं काही नाही," मी म्हणालो.

"आज दुपारपासून मी तोच विचार करतेय."

वरून बायकोची हाक आली, "अहो, बादली भरली! आणि उद्या वायसर आणायला मी जाणार आहे!" मी हो म्हणालो. कात्री घेतली. पुस्तक कठड्यावर उघडून धरलं, दोऱ्यात टोक घातलं, आणि हात थांबला. एकदा पाहिलं की पाहिलं. ताईनेही डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात माझ्या कोपराखालून एक मऊ, ओलसर नाक पुढे आलं. पुस्तक जुनं होतं, बांधणीला भरपूर खळ होती. मी "अगं, अगं!" म्हणेपर्यंत बाईसाहेबांनी शेवटची पानं दोऱ्यासकट ओढून घेतली. ताईने डोळे उघडले, चपळाईने तोंडात हात घालून काळा दोरा तेवढा बाहेर काढला. पानं गेली ती गेलीच. बाईसाहेब डोळे अर्धे मिटून, अगदी सावकाश, चवीने चावत राहिल्या.

आम्ही दोघं श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने घास गिळला, ओठ हलवले आणि आणखी पानं आहेत का ते बघायला मान पुढे केली.

"चला," ताई ओला दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्हणजे शेवट वाईट नसणार."